रात्रीच्या राखणीची बंदूक आणि तिच्यावरील दिवा

भुईमुगाच्या शेंगा भरूं लागल्या, मका दुधावर आला आणि उंसानें कांडीं धरलीं, कीं डोंगराच्या पायथ्याशीं जमीन असलेल्या शेतकऱ्याची झोंप उडते. चार महिन्यांची मेहनत रानडुकरांचा एक कळप एका रात्रींत उकरून टाकतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांतील वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको. दाजीपूरच्या रानांतील गवाहि आतां रानाची हद्द पाळीत नाहीं. २०२१ सालच्या डिसेंबरांत तर गवा कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येऊन पोहोंचला. त्यांतच शेतीपंपांची वीज ज्या आठवड्यांत रात्रपाळीनें येते, त्या आठवड्यांत पाणी पाजणारे गडीहि रात्रभर शिवारांतच असतात. म्हणजे एकाच अंधारांत जनावर, राखणदार आणि पाणी पाजणारा असे तिघेहि वावरत असतात. ही गोष्ट वाचकांनीं प्रारंभींच मनांत पक्की धरावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोंवतींच फिरणार आहे.

पीक-संरक्षणाच्या परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांत अलीकडे नळीवर विजेरी आणि तिच्या जोडीस लेसर बसविण्याची हौस दिसूं लागली आहे. दुकानांत या वस्तूंच्या खोक्यांवर मोठमोठे आंकडे छापलेले असतात आणि घेणारा त्या आंकड्यांस भुलतो. कोणती वस्तु घ्यावी, कोणती घेऊं नये, आणि घेतलेली वस्तु कशी वापरावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. तो करण्याचा अधिकार मला एका चुकीनें मिळाला. ती चूक प्रथम सांगतों.

एका रात्रींचा अनुभव

माझी थोडी जमीन पन्हाळ्याच्या पायथ्याशीं आहे. दोन वर्षांपूर्वीं भुईमूग काढणीस आला असतां डुकरांनीं सलग तीन रात्री धुमाकूळ घातला. वनखात्याची लेखी परवानगी खिशांत होती, दुनळी बंदूक परवान्याची होती, आणि नळीस बाजारांतून आणलेली एक झगझगीत विजेरी पट्टीनें आवळलेली होती. माझा चुलतभाऊ बरोबर होता. पाऊस बुरबुरत होता. मध्यरात्रीच्या सुमारास उंसाच्या कडेस खसपस झाली. मीं बंदूक खांद्यास लावली आणि विजेरीचें बटण दाबलें. वीस-पंचवीस पावलांवर एक काळी, बसकी, हलणारी आकृति दिसली. डोळे चमकले नाहींत. गाय किंवा कुत्रें असतें तर डोळे चमकले असते, तेव्हां हें डुकरच, असा मनानें क्षणांत निर्णय दिला आणि बोट चापाकडे गेलें.

तेवढ्यांत चुलतभावानें माझा दंड धरला व तो मोठ्यानें ओरडला, “कोण हाय तिकडं?” त्या काळ्या आकृतीनें डोकें वर केलें आणि उत्तर आलें, “आवं, मी हाय वो आण्णा! दारं मोडतोय.” शेजारच्या शेतांतील पाणी पाजणारा गडी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, ओणवा होऊन सरीचें दार मोडीत होता. माझे हात थरथरूं लागले. बंदूक खालीं करतांना नळी बांधावर आपटली आणि ती झगझगीत विजेरी त्याच क्षणीं विझली.

त्या रात्रीं मीं दोन धडे शिकलों. विजेरी कुचकामाची होती, हा त्यांतील लहान धडा. मोठा धडा असा, कीं नळीवरील दिव्यानें मीं ज्याला पाहिलें, त्याच्याकडे पाहण्यापूर्वींच मीं भरलेली बंदूक रोखली होती. बंदुकीवर बसविलेल्या दिव्याचा हा जन्मजात दोष आहे. जेथें दिवा तेथें नळी. उत्तमांतील उत्तम विजेरी घेतली तरी हा दोष जात नाहीं. तो केवळ माणसाच्या शिस्तीनें जातो.

डोळ्यांच्या चमकेविषयीं

येथें एक शास्त्रीय गोष्ट सांगणें अवश्य आहे. गाय, म्हैस, कुत्रें, मांजर, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागें आरशासारखा एक थर असतो. त्यावर उजेड पडला, कीं तो परत फिरतो व डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. माणसाच्या डोळ्यांतहि तो नसतो. म्हणून ‘चमकले नाहीं तें डुकर’ हा राखणदारांमध्यें चालणारा ठोकताळा अत्यंत घातक आहे. अंधारांत न चमकणारी आकृति डुकराची असूं शकते, तशीच ती ओणव्या माणसाची असूं शकते. ओळख पटवावयाची ती कान, पाठ, पाय आणि चाल पाहून, व त्याहिपूर्वीं मोठ्यानें हांक मारून. हांकेनें डुकर पळालें तरी पीक वांचलेंच. राखणीचा हेतु तोच आहे.

शिरोलींतील कारखान्यांत केलेली तपासणी

दुसऱ्या दिवशीं ती विजेरी घेऊन मी शिरोली एमआयडीसींत गेलों. पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या रस्त्यास लागलें, कीं ही वसाहत लागते. ओतीव लोखंडाच्या फौंड्र्या आणि त्या ओतकामास लेथवर आकार देणारीं मशीन-शॉपें यांनीं ती भरलेली आहे. आसपासच्या गांवांतील अनेक घरांत एक भाऊ शेतावर आणि दुसरा येथील पाळीवर, अशी वांटणी झालेली दिसते. माझ्या ओळखीच्या एका टर्नरानें विजेरी उघडून व्हर्निअरनें मोजली आणि तिचे दोष एकामागून एक दाखविले.

पहिला दोष असा, कीं सेलास एकाच टोंकाला स्प्रिंग होती. बंदूक उडते तेव्हां ती मागें जोरानें येते आणि आंतील जड सेल जागच्या जागीं राहूं पाहतो. एकाच स्प्रिंगमुळें सेल दुसऱ्या टोंकापासून क्षणभर सुटतो आणि दिवा लुकलुकतो किंवा विझतो. दोन्ही टोंकांस स्प्रिंगा असतील तर सेल कोणत्याहि बाजूस सरकला तरी संबंध तुटत नाहीं. दुसरा दोष असा, कीं दिव्याची विद्युत्-चकती आट्यांच्या कड्यानें आवळण्याऐवजीं डिंकासारख्या पदार्थानें चिकटविलेली होती व ती निसटली होती. तिसरा दोष, आटे ढिले आणि आंतील रबराचें कडें अगदीं बारीक. त्यामुळें पावसाचा ओलावा आंत गेला होता. चौथा दोष, ॲल्युमिनिअमचें अंग इतकें पातळ, कीं पट्टी आवळतांच तें चेपलें गेलें होतें.

ऐन वेळीं दिवा विझण्याची ही तक्रार नवी नाहीं. १९२६ सालीं गढवालांतील रुद्रप्रयाग येथें जिम कॉर्बेट यांनीं नरभक्षक बिबट्यावर गोळी झाडली, तेव्हां त्यांच्या रायफलीस विजेरी बसविलेली होती. चाप ओढतांच ती विझली, आणि बिबट्या मेला कीं निसटला याची खात्री होण्यासाठीं त्यांस मचाणावर पहांटेची वाट पाहत बसावें लागलें. त्या काळच्या दिव्यांत तंतु असे आणि तो धक्क्यानें तुटे. आतांच्या एल. ई. डी. दिव्यांत तंतु नाहीं, त्यामुळें तो धोका गेला. परंतु स्प्रिंग, सेल, बटण आणि पट्टी हे चार दुबळे दुवे अद्याप शिल्लकच आहेत. बंदुकीवरील दिवा निवडणें म्हणजे या चार दुव्यांची परीक्षा करणें होय.

निवड करतांना पाहावयाच्या गोष्टी

उजेड. खोक्यावर ‘ल्यूमेन’ हा आंकडा ठळक असतो. त्यावरून दिव्यांतून एकंदर किती उजेड बाहेर पडतो तें समजतें, परंतु तो लांबवर किती पोहोंचतो तें समजत नाहीं. तें समजतें ‘कँडेला’ या आंकड्यावरून. हिशेब सोपा आहे: कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली, कीं किती मीटरांपर्यंत उजेड पोहोंचतो तें निघतें. दहा हजार कँडेलाचें वर्गमूळ शंभर, त्याची दुप्पट दोनशें. म्हणजे पल्ला २०० मीटर. परंतु या पल्ल्याच्या टोंकाला उजेड केवळ चांदण्याइतका पडतो. त्या उजेडांत माणूस व जनावर यांतील भेद कळणार नाहीं. आपल्या छऱ्र्याच्या बंदुकीचा खरा उपयोग तीस-पस्तीस मीटरांच्या आंतच असल्यामुळें, माझ्या मतें पांच ते पंधरा हजार कँडेला आणि तीनशें ते सहाशें ल्यूमेन एवढा दिवा पुरे. याहून फार प्रखर दिवा उंसाच्या पानांवरून, धुक्यावरून आणि दंवावरून उलट डोळ्यांवर येतो व पाहणाराच आंधळा होतो. ठासणीच्या बंदुकीस तर अधिकच विचार करावा. काळ्या दारूच्या धुरावर उजेड पडला, कीं समोर पांढरी भिंत उभी राहते.

रंग. निळसर पांढऱ्या उजेडांत तपकिरी व करडा हे रंग सारखेच दिसतात. किंचित पिवळसर उजेडांत अंगावरील केंस, कापड, पोतें यांतील फरक लवकर कळतो. ओळख पटविणें हेंच मुख्य काम असल्यानें थोडी प्रखरता कमी पडली तरी चालेल, पण उजेड पिवळसर घ्यावा.

सेल. बहुतेक चांगल्या विजेऱ्यांत हल्लीं ‘१८६५०’ या नांवाचा, १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब, पुन्हां पुन्हां भरतां येणारा लिथिअम सेल असतो. या मापाच्या सेलांत साधारणतः ३,५०० मिलिॲम्पिअर-तासांहून अधिक सांठा मावत नाहीं. बाजारांत ९,९०० असा आंकडा छापलेले सेल मिळतात. तो आंकडा खोटा आहे असें नि:शंक समजावें. ओळखण्याची सोपी युक्ति म्हणजे तराजू. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो; फसवा सेल पुष्कळदां त्याच्या निम्म्यासहि जेमतेम पोहोंचतो. दुसरा प्रकार ‘सी. आर. १२३’ या लहान, तीन व्होल्टच्या, एकदांच वापरावयाच्या सेलाचा. तो महाग पडतो; परंतु पडून राहिला तरी सुमारें दहा वर्षें टिकतो. वर्षांतून चारच रात्री बंदूक बाहेर काढणाऱ्यास तो परवडेल. रोज राखण करणाऱ्यास पहिलाच बरा. जोडीचा एक भरलेला सेल खिशांत असावा, पण किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर नसावा; दोन्ही टोंकें जोडलीं गेलीं तर सेल तापतो व पेट घेतो.

पाणी. खोक्यावर ‘आय. पी. एक्स. ७’ असें असेल तर ती वस्तु एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास टिकावी असा त्याचा अर्थ आहे. ‘४’ असेल तर ती केवळ शिंतोडे सोसणारी होय. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं पंचगंगेचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलें होतें. अशा मुलखांत सातच्या खालची विजेरी घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय.

बटण. बटण हातमोज्यांनीं किंवा चिखलाच्या हातानेंहि दाबतां यावें. दाबल्यावर एकदम पूर्ण उजेड पडावा. पहिल्या दाबास मंद, दुसऱ्यास मध्यम, तिसऱ्यास लुकलुक, असले खेळ राखणीच्या विजेरींत नसावेत. वायरीनें जोडलेलें लांब बटण सोयीचें दिसतें, परंतु तीच वायर कांट्यांत अडकते व तुटते. म्हणून मागील टोंकाचें बटणहि स्वतंत्रपणें चालणारें असावें. आणि दिव्याचें बटण चापाच्या जवळ कदापि नसावें. घाईंत एका बोटाचें काम दुसरें बोट करूं लागतें.

बसविण्याची पट्टी. नव्या बंदुकांवर खांचांची पट्टी असते व तिच्यावर दिवा घट्ट बसतो. आपल्या जुन्या दुनळी व ठासणीच्या बंदुकांवर ती नसते, म्हणून नळीभोंवतीं कडें आवळावें लागतें. छऱ्र्याच्या बंदुकीची नळी तोंडाकडे पातळ असते. कडें अति आवळलें तर तिला पोंचा पडतो व पोंचा पडलेली नळी उडवितांना फुटूं शकते. कड्याच्या आंत रबराची पट्टी असावी, कडें नळीच्या जाड भागावर घ्यावें, आणि ठासणीच्या गजाच्या वाटेंत तें येणार नाहीं हें पाहावें. स्क्रूच्या डोक्यावरून कड्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, कीं स्क्रू सैल झाला असें समजावें. ही युक्ति शिरोलींतील यंत्रांवर नित्य वापरली जाते.

कायद्याची बाजू

तपासणी झाल्यावर माझा टर्नर सहज म्हणाला, “आण्णा, उद्यां बंदूकच घेऊन या. नळीला दोन भोकं पाडून, आटे मारून दिवा पक्का बसवून देतो.” त्याचा हात कुशल आहे आणि हेतु चांगला होता, तरी मीं नको म्हटलें, आणि वाचकांनींहि नकोच म्हणावें. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणें, परवाना नसतां शस्त्र बनविणें, दुरुस्त करणें किंवा त्यांत बदल करणें हा गुन्हा आहे. शिरोलीच्या लेथवर कांहींहि बनूं शकतें, पण बंदुकीस हात लावण्याचा अधिकार परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणारासच आहे. शिवाय भोंक पाडलेली नळी दारूच्या दाबास उतरेल याची हमी कोण देणार?

त्याच कायद्याच्या १३ व्या कलमांत पीक-संरक्षणासाठीं ठासणीची बंदूक देण्याची तरतूद आहे, व ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्यांची खात्री झाल्यास वीस इंचांहून आंखूड नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. आपला परवाना ज्या कामासाठीं आहे त्याच कामाची मर्यादा आपल्या दिव्यासहि आहे. म्हणून लेसर किंवा रात्रीं दिसण्याचें दुसरें कोणतेंहि यंत्र बंदुकीस जोडण्यापूर्वीं जिल्हाधिकारी कचेरींतील शस्त्र-परवाना शाखेस लेखी विचारावें व उत्तर परवान्याबरोबर ठेवावें. आवाज किंवा जाळ कमी करणारें साधन मात्र कायद्यानें शस्त्रांतच गणलें आहे; त्याच्या वाटेस जाऊंच नये.

१९७२ चा वन्यजीव कायदा याहून अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें, उभ्या पिकास धोका देणाऱ्या रानडुकरास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं नेमलेला अधिकारी लेखी देऊं शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनें याद्यांची फेरमांडणी झाली व १ एप्रिल २०२३ पासून रानडुकर दुसऱ्या यादींत आहे. जुन्या माहितीवर विसंबूं नये. गवा आणि बिबट्या पहिल्या यादींत आहेत. पीक खाल्लें या कारणासाठीं त्यांस मारण्याची परवानगी मिळत नाहीं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं प्रामाणिकपणें केलेला प्रतिकार गुन्हा नाहीं, पण तसें मारलेलें जनावर सरकारचें होतें. परवानगी नसेल तर विजेरी, डबे, फटाके आणि पंचनामा हींच आपलीं साधनें. नुकसानीची खबर वनखात्यास ताबडतोब द्यावी. कुंपणांत थेट तारेची वीज सोडण्याचा मार्ग तर कोणींहि धरूं नये; त्या तारेस जनावर आणि शेजाऱ्याचें पोर यांतील भेद कळत नाहीं.

लेसर घ्यावा काय?

लेसरचा ठिपका जनावरावर दिसला, कीं नेम लागला, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. हिरवा ठिपका डोळ्यास लालाहून अधिक ठळक दिसतो, कारण मानवी डोळा हिरव्या रंगास सर्वांत अधिक संवेदनशील आहे. परंतु लेसर नळीच्या बाजूस बसतो, नळींत नव्हे. कडें दहा सेंटिमीटर लांब असेल आणि धक्क्यानें त्याचें एक टोंक एकच मिलिमीटर सरकलें, तर तीस मीटरांवर ठिपका तीस सेंटिमीटरांनीं चुकतो. ठिपका मात्र पूर्वीसारखाच चमकत राहतो आणि वापरणाराचा त्याच्यावरील विश्वासहि तसाच राहतो. न दिसणारी चूक दिसणाऱ्या चुकीहून वाईट.

दुसरें असें, कीं छऱ्र्याची बंदूक एक गोळी टाकीत नाहीं, छरे पसरतात. तीस मीटरांवर त्यांचा पसारा हातभर किंवा त्याहूनहि अधिक होतो. तेथें टोंचणीच्या अग्राएवढ्या ठिपक्याचें काम काय? तिसरें, लेसर ओळख पटवीत नाहीं. खोळ घेतलेल्या माणसाच्या पाठीवर ठिपका तितकाच सुंदर दिसेल. चौथें, पांच मिलिवॅटचा ठिपकाहि सरळ डोळ्यांत गेला तर इजा करूं शकतो, आणि बाजारांतील पुष्कळ लेसर त्यांवर छापलेल्या आंकड्याहून जोरदार असतात. महामार्गावरील वाहनें आणि उजळाईवाडीच्या विमानतळाकडे येणारीं विमानें यांच्या दिशेनें लेसर रोखणें म्हणजे दुसऱ्याच्या प्राणाशीं खेळणें होय. सबब, आपल्या राखणीच्या बंदुकीस लेसर नको, असें माझें स्पष्ट मत आहे. तो पैसा दुसऱ्या विजेरींत घालावा.

घरच्या घरीं करावयाच्या चार परीक्षा

विजेरी घेतल्यावर ती बंदुकीस लावण्यापूर्वीं पुढील परीक्षा कराव्यात. त्यांस खर्च नाहीं.

१. विजेरी लावून धान्याच्या पोत्यावर दोन्ही टोंकांनीं वीस-वीस वेळां आपटावी. एकदांहि लुकलुकली तर परत करावी.

२. लावलेली विजेरी बादलीभर पाण्यांत अर्धा तास ठेवावी. बाहेर काढून, पुसून, भिंगाच्या आंत वाफ धरली आहे काय तें पाहावें.

३. भरलेला सेल घालून, पूर्ण उजेडावर घड्याळ लावून ठेवावी. उजेड कितव्या मिनिटास उतरतो तें वहींत टिपावें. खोक्यावरील आंकडा विसरून आपल्या वहींतील आंकडा खरा धरावा. हातांत धरवणार नाहीं इतकी ती तापत असेल तर तो दोष समजावा.

४. रात्रीं तीस मीटरांवर एक पोतें, एक घोंगडें आणि एक काळी घागर ठेवून, विजेरी हातांत धरून, कोणतें कोणतें तें दुसऱ्यास ओळखावयास सांगावें. ओळखतां आलें नाहीं तर ती विजेरी आपल्या कामाची नव्हे.

बंदुकीस लावल्यानंतरची परीक्षा मात्र शेतांत करूं नये. परवानगीच्या चांदमारीच्या जागींच करावी. आपल्या जिल्ह्यास नेमबाजीची मोठी परंपरा लाभली आहे. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं विश्वविजेतेपद मिळविलें, राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें, आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक आणलें. या खेळांतील पहिला पाठ नेमाचा नसून नळीच्या तोंडाचा असतो: ज्यावर गोळी झाडावयाची नाहीं, त्याकडे तें कधींहि वळवूं नये. शेतकऱ्यानेंहि तोच पाठ प्रथम गिरवावा.

राखणीची शिस्त

आतां माझ्या घरीं पाळला जाणारा क्रम सांगतों. राखणीस एकटा कोणी जात नाहीं. एकाच्या हातांत विजेरी, दुसऱ्याच्या हातांत बंदूक. पाहावयाचें तें हातांतील विजेरीनें. त्या वेळीं नळी जमिनीकडे व घोडा खालीं. प्रथम हांक, मग उजेड, मग ओळख. आणि दोघांनींहि मोठ्यानें ‘डुकर’ म्हटल्यावरच बंदूक खांद्यास लागते व तिच्यावरील दिवा पेटतो. मागें रस्ता, वस्ती किंवा पंपाची खोली असेल तर तेव्हांहि नाहीं. अंधारास सरावण्यास डोळ्यांस वीस ते तीस मिनिटें लागतात व पांढऱ्या उजेडाचा एक झोत तें सर्व घालवितो. म्हणून वाटेनें जातांना मंद तांबडा दिवा वापरतों.

याहून उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांशीं झालेला ठराव. आमच्या शिवारांत ज्या रात्रीं राखण असेल, त्या सायंकाळीं लगतच्या सर्व खातेदारांस निरोप जातो. आणि पाणी पाजणाऱ्या प्रत्येक गड्याच्या पाठीवर चमकणारी पट्टी व कमरेस लुकलुकणारा लहानसा तांबडा दिवा असतो. त्या दिव्याची किंमत दोन-चार काडतुसांहून अधिक नाहीं. ज्या शेतांत पाणी चालूं आहे, त्या बाजूस त्या रात्रीं बंदूक जातच नाहीं.

आपल्या संस्थेनें या कामीं पुढाकार घ्यावा अशी माझी सूचना आहे. निरनिराळ्या विजेऱ्या आणून वरील चार परीक्षा एकत्र कराव्यात, निकालाची वही कचेरींत सर्वांस पाहावयास ठेवावी, आणि चमकणाऱ्या पट्ट्या घाऊक आणून सभासदांच्या गड्यांस वांटाव्यात. एका सभासदानें ठेंच खाऊन मिळविलेलें ज्ञान दुसऱ्यास ठेंच न लागतां मिळावें, हाच संस्थेचा उपयोग.

तो पाणी पाजणारा गडी अजूनहि शेजारच्या शेतांत कामास आहे. बांधावर गांठ पडली, कीं तो हंसून “आण्णा, डुकरं आलती का?” म्हणून विचारतो. मला मात्र हंसतां येत नाहीं. त्या रात्रीं चुलतभावाचा हात माझ्या दंडावर एक पळ उशिरां पडला असता तर भुईमुगाचें सर्व पीक देऊनहि जी भरपाई झाली नसती, तिचा विचार मनांत येतो. वाचकांनीं बंदुकीवर दिवा अवश्य बसवावा, चांगला पारखून बसवावा. परंतु जनावर कीं माणूस हें ठरविण्याचें काम त्या दिव्यावर सोंपवूं नये. तें काम आपल्या डोळ्यांचें, आपल्या सोबत्याचें आणि सर्वांत आधीं आपल्या हांकेचें आहे.